कसाऱ्याने जावे, माळशेजने यावे : चार दिवसांच्या डोंगरवळशाची आखणी

ठाण्याच्या फलाटावरून पहाटेची कसारा लोकल पकडायची, चार दिवस पाठीवर सॅक घेऊन सह्याद्रीच्या माथ्यावरून चालायचे आणि चौथ्या संध्याकाळी माळशेज घाटातून येणाऱ्या एसटीने कल्याणला उतरून पुन्हा ठाण्यातच परतायचे, असा हा वळसा आहे. एका दिवसाचे ट्रेक अनेकजण करतात. एका दिवसाच्या ट्रेकमध्ये आखणीतली चूक संध्याकाळी घरी पोहोचल्यावर मिटून जाते. सलग चार दिवस चालताना मात्र पहिल्या दिवसाची चूक दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसावर चढत जाते. वळशाच्या मध्यावर तर मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब असते. म्हणून अशा वाटेची आखणी किलोमीटर मोजून करू नये. प्रत्येक मुक्कामाचे पाणी आणि प्रत्येक दिवसाची सुटकेची वाट आधी ठरवावी, आणि त्यानंतर उरलेल्या जागेत अंतर बसवावे. पुढे लिहिलेले सगळे या एका तत्त्वावर उभे आहे.

उदाहरणासाठी मी रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि खिरेश्वर ही जुनी, अनेकांच्या पायाखालची वाट घेतली आहे. पायी चालण्याचा भाग उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो आणि वळसा पूर्ण होतो तो लोकल आणि एसटीमुळे. जिथून निघालो तिथेच पायी परत येण्यासाठी गाडी पायथ्याशी ठेवणे मला पसंत नाही, कारण मग गाडी जिथे आहे तिथेच उतरण्याचे बंधन येते आणि अडचणीच्या वेळी नेमके तेच बंधन नको असते.

प्रदेश समजून घेणे

रतनवाडी हे प्रवरेच्या उगमाजवळचे गाव. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा खाली भंडारदऱ्याच्या जलाशयात शिरते. हा जलाशय ज्या धरणाने झाला ते विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. कात्राबाईची खिंड ओलांडली की प्रवरेचे खोरे मागे पडते आणि मुळेचे खोरे सुरू होते. कुमशेत आणि पाचनई ही दोन्ही गावे या दुसऱ्या खोऱ्यात आहेत. हरिश्चंद्रगड चढून दक्षिणेला खिरेश्वरकडे उतरलो की तिसरे खोरे लागते, ते पुष्पावतीचे. मुळा आणि प्रवरा गोदावरीला मिळतात, तर पुष्पावतीचे पाणी कुकडी, घोड आणि भीमेमार्गे कृष्णेला जाते. म्हणजे गडावरून उतरताना आपण दोन मोठ्या नद्यांमधला जलविभाजक ओलांडत असतो. हे केवळ कुतूहल म्हणून सांगत नाही. धुक्यात किंवा गर्द रानात दिशा हरवली तर ओढ्याचे पाणी कोणत्या बाजूला वाहते आहे, यावरून आपण खिंडीच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे कळते. त्यासाठी खोऱ्यांची रचना घरी असतानाच डोक्यात पक्की बसलेली हवी.

पश्चिमेला सबंध वाटभर कोकणचा कडा आहे आणि त्याच्या पायथ्याशी आपलाच ठाणे जिल्हा, शहापूर आणि मुरबाड तालुके आहेत. नकाशावर ही गावे अगदी हाताशी दिसतात. या कड्यातून कोकणात उतरणाऱ्या अनेक घाटवाटा आहेत. त्यांतल्या काही अजून वापरात आहेत, तर काही कारवीने आणि दरडींनी बुजल्या आहेत. सुटकेची वाट म्हणून अनोळखी घाटवाट कधीही गृहीत धरू नये. थकलेला किंवा जखमी माणूस घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या दगडमातीच्या, नाळेतून (कड्यातल्या अरुंद घळीतून) खाली नेणे हे दिवसाउजेडीही अवघड काम आहे, आणि त्या नाळेच्या तळाशी पोहोचल्यावरही गाव दोन-तीन तास दूर असू शकते. या वाटेवर सुटका नेहमी पूर्वेला, म्हणजे राजूरकडून गाडीरस्ता येतो त्या गावांकडे शोधावी.

महिना निवडणे

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते जानेवारीची अखेर हा काळ मी या वाटेसाठी योग्य मानतो. पावसाळ्यात ओढे अचानक फुगतात, कातळ निसरडा होतो आणि पठारावर दहा पावलांपुढचे दिसत नाही, तेव्हा चार दिवसांचा वळसा पावसात करू नये. ऑक्टोबरमध्ये गवत छातीभर उंच असते आणि वाटा त्याखाली लपलेल्या असतात. फेब्रुवारीपासून ओढे आटू लागतात, गवत वाळून वणव्याची भीती वाढते आणि उन्हामुळे पाण्याची गरज जवळजवळ दुप्पट होते.

एका मार्चमध्ये आम्ही पाचजण याच वाटेने निघालो होतो. कोणीतरी डिसेंबरमध्ये नोंदवलेला मार्ग फोनमध्ये होता आणि त्यात खिंडीखालच्या ओढ्यावर पाण्याची खूण केलेली होती. त्या खुणेवर विसंबून मी प्रत्येकाला दोनच लिटर पाणी घ्यायला सांगितले. दुपारी साडेअकराला ओढ्यावर पोहोचलो तेव्हा पात्रात गोटे होते, त्यांवर वाळलेल्या शेवाळाची पांढरट पापडी होती आणि एका खळग्यात रानडुकरांनी उकरलेली ओल होती, एवढेच. पाचजणांत मिळून जेमतेम अडीच लिटर पाणी उरले होते. आम्ही तिथूनच मागे फिरलो आणि रतनवाडीच्या विहिरीवर पोहोचेपर्यंत आमच्यातल्या एकाला पायात गोळे येऊन चालणे अशक्य झाले होते. ही चूक सर्वस्वी माझी होती. नकाशावरच्या पाण्याच्या खुणेला तारीख नसेल तर ती खूण नाही, असे मी तेव्हापासून धरून चालतो.

नकाशा आणि वेळेचे गणित

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे हा आखणीचा पाया असावा. हा सगळा प्रदेश ४७ ई या मालिकेत येतो आणि वाट एकाहून अधिक पत्रकांवर पसरलेली असल्याने पत्रके जोडून पाहावी लागतात. या प्रमाणात नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि लागोपाठच्या दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरची उंची असते. नकाशाची छापील प्रत जेवणाच्या टेबलावर पसरावी, पांढरा दोरा वाटेच्या वळणावळणांवर ठेवत न्यावा आणि मग तो दोरा सरळ करून पट्टीने मोजावा. फोनमधले ॲप हेच काम क्षणात करते, पण दोरा ठेवताना प्रत्येक सोंड, घळ आणि ओढा डोळ्यांखालून जातो, आणि प्रत्यक्ष चालताना तेच आठवते.

वेळ काढण्यासाठी स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम जगभर वापरला जातो: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा नियम थंड हवेत, हलक्या पाठीने आणि सराव असलेल्या पायांनी चालणाऱ्यांसाठी आहे. आपल्या उन्हात, दहा किलोच्या सॅकसह, दगडगोट्यांच्या वाटेवर तो जसाच्या तसा लावू नये. मी सपाटीसाठी तासाला तीन किलोमीटर आणि चढासाठी तासाला ३०० मीटर धरतो, आणि येणाऱ्या एकूण वेळेत दर चार तासांमागे एक तास विश्रांती व वाट शोधण्यासाठी मिळवतो. उतार हा वेळ वाचवणारा भाग मानू नये. घसाऱ्यावरच्या तीव्र उतारावर वजनासह चढाइतकाच वेळ जातो आणि गुडघ्यांना त्याहून अधिक त्रास होतो.

डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. सकाळी सात ते संध्याकाळी सहा एवढाच उजेड धरावा. दरीत आणि दाट झाडीत संध्याकाळ अर्धा तास आधीच होते. म्हणून सकाळी सातला चालू लागून दुपारी चारला मुक्कामी पोहोचता येईल, अशीच प्रत्येक दिवसाची लांबी असावी. चार ते सहा हे दोन तास तुमचे राखीव तास आहेत. ते आखणीतच खर्चून टाकू नयेत.

चार दिवसांची वाटणी

पहिला दिवस प्रवासाचा. नवी मुंबईकरांनी वाशी, नेरूळ किंवा पनवेलहून ट्रान्स-हार्बर मार्गाने ठाण्याला यावे आणि तिथून कसारा गाठावे. कसाऱ्याहून घोटीकडे शेअर जीप मिळतात. घोटीहून राजूर-अकोल्याच्या रस्त्याने शेंडीपर्यंत एसटी किंवा जीप आणि शेंडीहून जलाशयाला वळसा घालून रतनवाडी, असा हा टप्प्याटप्प्याचा प्रवास दुपार खातो. रतनवाडीत पोहोचल्यावर त्याच दिवशी रतनगड चढण्याचा मोह होतो. तो आवरावा, अमृतेश्वराच्या मंदिराचे दगडी कोरीवकाम निवांत पाहावे, गावात मुक्काम ठरवावा आणि पुढच्या दिवसाच्या पाण्याची चौकशी करावी.

चौकशी कशी करावी, यालाही पद्धत आहे. “मामा, खिंडीच्या वाटेला पाणी आहे का?” असे विचारले तर “आहे की” असे उत्तर हमखास येते, कारण पाहुण्याला नाही म्हणणे कोणालाच आवडत नाही. त्याऐवजी, “मामा, तुम्ही स्वतः तिकडे शेवटचे कधी गेला होता? तेव्हा गुरांना पाणी कुठे पाजले?” असे विचारावे. मग ओढ्याचे नाव, झाडाची खूण आणि दिवस, असे नेमके उत्तर मिळते. मावशींनाही विचारावे. पाणी कुठे किती दिवस टिकते, याची खरी माहिती हंडा वाहणाऱ्या बाईकडे असते.

दुसरा दिवस हा वळशातला सर्वांत एकाकी दिवस आहे. रतनवाडीहून रतनगडाकडे जाणाऱ्या जंगलवाटेवरच कात्राबाईच्या खिंडीकडे जाणारा फाटा फुटतो, आणि या फाट्याच्या परिसरात ढोरवाटा इतक्या आहेत की मळलेली वाट कोणती हे ओळखणे कठीण जाते. या टप्प्यासाठी गावातला वाटाड्या घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याचे मानधन आदल्या रात्रीच मोकळेपणाने ठरवावे आणि त्याच्या परतीच्या वेळेचाही विचार करावा. त्याला खिंडीपर्यंत नेऊन अंधारात एकट्याने परतायला लावू नये. खिंडीतून पलीकडे उतरून कुमशेतला पोहोचायला रतनवाडीपासून एकंदर सहा ते सात तास धरावेत.

१,२९७ मीटर उंचीचा रतनगड, त्याच्या लोखंडी शिड्या आणि माथ्यावरचे नेढे (कातळातले आरपार भोक) यांची ओढ मलाही आहे. पण गड आणि खिंड एकाच दिवसात बसवले तर दिवस नऊ-दहा तासांचा होतो आणि वर सांगितलेले राखीव तास संपून जातात. ज्यांना गड पाहायचाच आहे त्यांनी रजा एक दिवस वाढवून हा वळसा पाच दिवसांचा करावा.

या दिवसासाठी परतीची वेळ ठरवून ठेवावी: दुपारी बारापर्यंत खिंडीत पोहोचलो नाही तर रतनवाडीला परत. ही वेळ निघण्यापूर्वी सर्वांसमक्ष मोठ्याने सांगावी, कारण खिंड डोळ्यांसमोर दिसत असताना आणि घड्याळात सव्वाबारा वाजले असताना नव्याने निर्णय घेणे फार कठीण असते.

तिसऱ्या दिवशी कुमशेतहून पाचनई गाठायची. हा टप्पा तुलनेने सोपा, वाड्यावस्त्यांना धरून जाणारा आहे आणि तीन ते चार तासांत होतो. वाटेत लागणारे ओढे डिसेंबरपर्यंत सहसा वाहते असतात. पाचनईत जेवण करून हरिश्चंद्रगड चढायला दोन ते तीन तास पुरतात; कातळाच्या कडेकडेने जाणाऱ्या या वाटेवर अवघड जागी रेलिंग आहे. मुक्काम गडावर करायचा की पाचनईत, हे वनविभागाच्या त्या हंगामातल्या नियमांवर ठरेल. म्हणून दोन्ही पर्याय वहीत लिहून ठेवावेत. गडावर थांबता येणार नसेल तर पाचनईत झोपून चौथ्या दिवशी पहाटे पाचला टॉर्चच्या उजेडात निघावे.

चौथ्या दिवशी हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, गार पाण्याने भरलेली केदारेश्वराची गुहा आणि सकाळच्या उन्हात कोकणकडा पाहून, मुक्काम गडावर असेल तर नऊच्या आत उतरायला लागावे. तोलार खिंडीकडे जाणारी वाट लहान लहान टेकाडांवरून आणि रानातून वरखाली होत जाते. धुके असेल तर फसवणारी जागा हीच आहे. खिंडीच्या आधीच्या कातळटप्प्यावर रेलिंग आहे. तिथे सॅकचे पट्टे आवळून, एका वेळी एकानेच उतरावे. तोलार खिंडीत वाघाचे शिल्प कोरलेला दगड आहे. तिथून एका बाजूला कोथळे आणि दुसऱ्या बाजूला खिरेश्वर आहे. खिरेश्वरला दुपारी एकपर्यंत पोहोचले की नागेश्वराचे मंदिर पाहून, पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेने पाच-सहा किलोमीटर चालत खुबी फाट्यावर यायचे आणि कल्याणकडे जाणारी एसटी पकडायची. पाचनईहून निघालेल्यांना हे सगळे दोन-तीन तास उशिरा होईल, म्हणून त्यांनी खिरेश्वरहून फाट्यापर्यंत गाडीची सोय आधीच बोलून ठेवावी.

सुटकेच्या वाटा कागदावर

प्रत्येक दिवसासाठी एक ओळ लिहावी: इथपर्यंत मागे, इथून पुढे पुढेच. दुसऱ्या दिवशी खिंडीपर्यंत काही झाले तर रतनवाडीला परत आणि खिंड ओलांडल्यावर कुमशेतकडे पुढे. तिसऱ्या दिवशी कुमशेत आणि पाचनई या दोन्ही गावांतून राजूरकडे गाडीरस्ता आहे. चौथ्या दिवशी गडावर असेपर्यंत पाचनई जवळ आणि तोलार खिंडीनंतर खिरेश्वर किंवा कोथळे, यांपैकी जिथे गाडी आधी पोहोचेल ते.

या कागदाच्या तीन प्रती कराव्यात. एक घरी ठेवावी, एक शेवटच्या गावात ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्याकडे आणि एक आपल्या खिशात. घरच्या प्रतीवर दोन वेळा लिहाव्यात: फोन अपेक्षित असलेली वेळ आणि त्यानंतर किती तासांनी मदत मागवायची ती वेळ. या खोऱ्यांत फोनला रेंज मिळेलच असे धरू नये, त्यामुळे दोन वेळांमध्ये किमान सहा तासांचे अंतर असावे, म्हणजे घरच्यांचा जीव विनाकारण टांगणीला लागत नाही. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदतक्रमांक निघण्यापूर्वी खात्री करून त्याच कागदावर लिहावा.

गट चार ते सहाजणांचा असावा. चार का, तर एकाला दुखापत झाली तर एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि दोघांनी मिळून मदत आणायला जावे, एकट्याने जाऊ नये.

परवानगी आणि नियम

ही वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याच्या नाक्यांवर प्रवेशशुल्क भरावे लागते, आणि मुक्काम व तंबूविषयीचे नियम हंगामानुसार बदलतात. त्यामुळे वन्यजीव विभागाच्या कार्यालयात किंवा नाक्यावर आधी विचारणा करावी. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार निषिद्ध आहे. शेकोटीशिवाय ट्रेक कसला, असे म्हणणाऱ्यांनी जानेवारीतल्या वाळक्या गवतावर ठिणगी काय करते ते एकदा डोळ्यांनी पाहावे.

स्टोव्हविषयी एक गोष्ट ठाणेकरांनी विशेष ध्यानात घ्यावी. लोकलने जायचे असेल तर गॅसचे डबे, रॉकेल किंवा स्पिरिट सोबत नेता येत नाही. ज्वालाग्राही वस्तू रेल्वेतून नेणे हा रेल्वे कायदा, १९८९ नुसार गुन्हा आहे. म्हणून या वळशात स्वयंपाकाचे सामानच नेऊ नये. रतनवाडी, कुमशेत आणि पाचनई येथे आधी कळवले तर घरगुती जेवण मिळते. भाकरी, पिठले, भात आणि लसणाचा ठेचा यांनी पोट भरते, सॅक दोन-अडीच किलोंनी हलकी होते आणि गावात चार पैसे राहतात. दुपारसाठी मात्र न शिजवता खाण्यासारखे स्वतःजवळ हवे.

सॅक

सॅकचे एकूण वजन पाण्यासह शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावे. साठ किलोच्या माणसासाठी ही मर्यादा बारा किलो येते आणि त्यातले तीन-चार किलो पाणीच असते. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढावा, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून वहीत लिहावी आणि बेरीज करावी. माझ्या एका मैत्रिणीने पहिल्यांदा असे केले तेव्हा तिच्या प्रसाधनाच्या पाउचचे वजन सहाशे चाळीस ग्रॅम निघाले. त्यातली अख्खी शॅम्पूची बाटली, आरसा आणि पावडर बाजूला काढल्यावर ते एकशे दहावर आले. अर्धा किलो असा सापडतो.

दुपारच्या खाण्यासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खजूर, चिक्की आणि फुटाणे असे माणशी दररोज तीनशे-साडेतीनशे ग्रॅम पुरते. प्रत्येक दिवसाची पुडी वेगळी बांधून तिच्यावर वार लिहावा. आणीबाणीची एक पुडी, एका दिवसाच्या खाण्याइतकी, तळाशी ठेवावी आणि ती ठाण्याला परत येईपर्यंत उघडू नये. झोपण्यासाठी मॅट आणि स्लीपिंग बॅग, अंगावरच्याखेरीज कपड्यांचा एकच जोड, झोपताना घालायला कोरडे मोजे, कानटोपी आणि पूर्ण बाह्यांचा स्वेटर घ्यावा, कारण पहाटे पठारावर बोटे आखडतात. हेडटॉर्च प्रत्येकाकडे स्वतःची हवी. शिट्टी सॅकच्या छातीपट्ट्याला बांधावी. बूट नवे नसावेत. किमान पन्नास किलोमीटर चाललेले असावेत. फोन दिवसभर विमान मोडवर ठेवावा, नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि पॉवर बँक कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवावी.

पाणी

माणशी दिवसाला चार लिटर धरावे आणि त्यांपैकी किमान तीन लिटर निघतानाच बाटल्यांत असावे. वाटेतले पाणी मिळालेच तर ते नफा समजावे. ओढ्याचे किंवा टाक्याचे पाणी आधी सुती कापडाच्या चार पदरांतून गाळावे, मग क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून गाळण्याची पायरी गाळू नये. गावात चूल असेल तर पाणी खळखळून एक मिनिट उकळून घेणे सर्वांत खात्रीचे. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पीत राहावे. इथे चमचा म्हणजे चहाचा चमचा. मीठ त्याहून वाढवू नये.

धोके

माझ्या मते या वाटेवर सापांपेक्षा आग्या मोहोळाची भीती मोठी आहे. कड्यांच्या कपारींना ही पोळी लटकलेली असतात आणि धूर, उग्र वासाचे अत्तर किंवा आरडाओरडा यांनी माशा उठतात. पोळे दिसले तर आवाज न करता लांबून जावे, डिओड्रंट घरीच ठेवावे. माशा उठल्याच तर तोंड आणि मान कपड्याने झाकून, हात न झटकता दाट झाडीकडे शक्य तितके दूर जावे, पण कड्याच्या बाजूने कधीही पळू नये. डंख मारल्यावर घसा सुजला किंवा श्वास लागू लागला तर तो रुग्ण सर्वांत आधी खाली न्यावा.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आपल्याकडे आहेत आणि त्या चारही जातींवर एकच प्रतिविष चालते. दंश झाल्यास जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये आणि शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे. प्रतिविष कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहे, हे निघण्याच्या आठवड्यात फोन करून विचारावे आणि सुटकेच्या कागदावर लिहावे.

सराव

दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा पायऱ्या किंवा चढ चढावा. ठाण्यात मामा-भांजे टेकडी आणि नवी मुंबईत बेलापूरची पारसिक टेकडी यासाठी जवळच्या आहेत. सॅकमध्ये पहिल्या आठवड्यात पाच लिटर पाण्याच्या बाटल्या घालाव्यात आणि दर पंधरा दिवसांनी दोन लिटर वाढवावेत. मात्र खरी चाचणी म्हणून एक दोन दिवसांचा छोटा वळसा करावाच. कर्जत तालुक्यातल्या खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकर चढून, तिथे मुक्काम करून, गणेश घाटानेच किंवा अनुभवी सोबत असेल तर कोरड्या हंगामात शिडी घाटाने उतरावे. या दोन दिवसांत बूट कुठे चावतात, सॅकचा कोणता पट्टा खांद्यात रुततो, कोणाची चाल किती आहे आणि दमल्यावर कोण चिडतो, हे सगळे कळते. गटाची चाल सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने धरावी आणि वेळेचे सगळे गणित त्या आकड्याने पुन्हा मांडावे. आमच्या गटात हा आकडा ताशी अडीच किलोमीटर निघाला होता, आणि त्यामुळे दुसऱ्या दिवसाची निघण्याची वेळ आम्हाला सातऐवजी सहा करावी लागली.

परतल्यावर

एसटीत बसल्यावर, डोळे मिटण्यापूर्वी, वही काढावी. कोणत्या ओढ्यात पाणी होते, कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याजोगे होते, कोणत्या फाट्यावर आपण अडखळलो आणि प्रत्येक टप्प्याला ठरवलेल्या वेळेच्या तुलनेत किती वेळ लागला, हे तारखेसह लिहावे. घरी सॅक रिकामी करताना एकदाही न वापरलेल्या वस्तू वेगळ्या ढिगात ठेवून त्यांचे वजन करावे. त्या ढिगातून प्रथमोपचाराची पेटी, आणीबाणीची पुडी आणि शिट्टी तेवढी परत सॅकमध्ये जाते. मग नकाशा पुन्हा टेबलावर पसरावा आणि पाण्याच्या प्रत्येक खुणेशेजारी पेन्सिलने तारीख घालावी.